बिनविरोध

दरवर्षी ऑगस्टच्या उत्तरार्धात विदर्भातील वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर एक बातमी ठरलेल्या साच्यात छापून येते. अमुक गावच्या महात्मा गांधी तंटामुक्त समितीच्या अध्यक्षपदी तमुक यांची बिनविरोध निवड. सोबत छायाचित्र: गळ्यात हार, कपाळी गुलाल, बाजूला सरपंच, पोलीस पाटील आणि हौशी मंडळी. त्याच आठवड्यात, पुष्कळदा त्याच पानावर, दुसरी बातमी असते: तंटामुक्ती अध्यक्षाच्या निवडीवरून ग्रामसभेत तंटा, हाणामारी, सभा तहकूब. ही दुसरी बातमी वाचून आपण हसतो. तिच्यातला विरोधाभास इतका उघड असतो की विनोदी लेखकाला भर घालायला जागाच उरत नाही. प्रस्तुत लेखकाला मात्र काळजी वाटते ती पहिल्या बातमीची. ज्या गावात अध्यक्षपदासाठी दोन गट उघडपणे भांडले, तिथे निदान एवढे तरी कळले की गावात दोन गट आहेत आणि पंच कोण असावा याविषयी त्यांचे मत भिन्न आहे. ‘बिनविरोध’ या शब्दाआड काय घडले हे आपल्याला कधीच कळत नाही.

ही मोहीम राज्य शासनाच्या गृहविभागाने १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू केली, आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावातील दिवाणी, महसुली आणि आपसात मिटवता येण्याजोगे फौजदारी तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत, न्यायालयांवरचा आणि पोलीस ठाण्यांवरचा भार हलका व्हावा, ही कल्पना. समिती ग्रामसभेने निवडायची, सदस्यांनी विनामोबदला काम करायचे, मिटवलेल्या तंट्यांची नोंद ठेवायची, मूल्यमापन व्हायचे, आणि पात्र ठरलेल्या गावाला लोकसंख्येनुसार रोख पुरस्कार मिळायचा. कल्पना वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. बांधाच्या आणि वाटेच्या कितीतरी भांडणांनी तालुक्याच्या कचेरीची पायरी चढली नाही, याचे श्रेय अशा समित्यांना द्यावेच लागेल. प्रश्न आहे तो समितीत बसणाऱ्या माणसांच्या निवडीचा, आणि त्याआधी थोडासा मोहिमेच्या नावाचा.

मराठीत भांडणासाठी शब्दांची कमतरता नाही. वाद, कज्जा, खटला, कलह, बखेडा, तंटा. यातला ‘वाद’ हा प्रतिष्ठित शब्द. त्याला दोन बाजू असतात आणि दोन्ही ऐकून घेण्याजोग्या असतात. ‘तंटा’ या शब्दात मात्र आधीच निकाल लागलेला आहे: जो तंटा करतो तो तंटेखोर. ‘तंटामुक्त गाव’ म्हणताना तंटा हा रोगासारखा समजला गेला आहे, ‘हागणदारीमुक्त’ किंवा ‘नारूमुक्त’ म्हणावे तसा. मग ज्याची जमीन गेली तो आणि ज्याने घेतली तो, दोघेही सारखेच रोगी ठरतात. शिवाय तंटा मिटण्याला गुण आणि गुणांना बक्षीस असले की नवा तंटा उपस्थित करणारा माणूस अख्ख्या गावाच्या बक्षिसाच्या आड येतो. अशा वेळी पंचाच्या आसनावर कोण बसला आहे, ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

किती महत्त्वाची, हे पाहायचे असेल तर गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या परिसरात जावे. सूरजागड हे लोहखनिजाने भरलेल्या डोंगररांगेचे नाव आहे, तसेच ते एका इलाख्याचेही नाव आहे. इलाखा म्हणजे सरकारी मंडळ नव्हे, तर माडिया गोंड समाजाच्या गावांची जुनी, परंपरेने चालत आलेली जोडणी. डोंगरावर ठाकुरदेवाचे स्थान आहे आणि दर जानेवारीत तिथे जत्रा भरते. त्या जत्रेत गावोगावचे लोक देवदर्शनाबरोबरच इलाख्याच्या प्रश्नांवरही बोलतात. २००७ मध्येच, म्हणजे तंटामुक्तीची मोहीम सुरू झाली त्याच वर्षी, या डोंगरावर लॉईड्स मेटल्स कंपनीला सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा मिळाला. प्रत्यक्ष उत्खनन बऱ्याच वर्षांनी, २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी खनिज वाहून नेणारी अनेक वाहने जाळली. पुढे खाण बंद पडली, पुन्हा सुरू झाली, वाढली. क्षमतावाढीसंबंधीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती गडचिरोलीला, डोंगरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. २०२३ मध्ये तोडगट्टा येथे अनेक महिने नव्या खाणींच्या विरोधात ठिय्या आंदोलन चालले.

आता या प्रदेशातला ‘तंटा’ म्हणजे काय? एकाचे गुरे दुसऱ्याच्या धानात शिरणे हा तंटा आहेच. पण खाणीत मुलाला नोकरी मिळालेले घर आणि डोंगर देवाचा म्हणून खाणीला विरोध करणारे घर एकाच टोल्यात शेजारी राहत असतील तर त्यांच्यातले बोलणे बंद होणे, हाही तंटाच. तो कोणी मिटवायचा? मोहीम गृहविभागाची, समितीचे कागद पोलीस ठाण्याशी जोडलेले, आणि खाणीला बंदोबस्त देणारेही पोलीसच. मागील काही दशके या जंगलात सरकारी नाव असलेल्या कोणत्याही समितीत बसणे हे निरुपद्रवी काम नव्हते. पोलीस पाटलांच्या हत्या या जिल्ह्याने पाहिल्या आहेत. नक्षलवाद्यांच्या तथाकथित जनअदालती पाहिल्या आहेत, जिथे आरोप करणारा, निवाडा करणारा आणि शिक्षा देणारा एकच असे. त्या ‘अदालती’त पंच कोणी निवडले, हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. दोन्हीकडून येणारा पंच हा आधीच नेमून आलेला पंच होता, आणि मधल्या माणसाला दोन्हीकडे मान तुकवावी लागत होती. अशा ठिकाणी ‘बिनविरोध’ निवडीचा अर्थ पुष्कळदा एवढाच असू शकतो की कोणालाच ते पद नको होते.

आमच्या महाविद्यालयात त्या भागातून आलेल्या एका विद्यार्थ्याने निबंधात एक वाक्य लिहिले होते, ते माझ्या लक्षात राहिले आहे. आशय असा: आमच्या गावात तंटामुक्तीचा अध्यक्ष आहे, पण भांडण झाले की लोक त्याच्याकडे जात नाहीत, गोटुलात बसतात. मी त्याला विचारले, गोटुलात पंच कोण असतो? तो जरा गोंधळला. ‘तसा कोणी नसतो सर. सगळे असतात. गायता असतो, पाटील असतो, म्हातारे असतात. ज्याचं भांडण आहे तो ज्याला बोलावतो तो पण येतो.’ या उत्तरातले शेवटचे वाक्य मला सगळ्यात मोलाचे वाटते.

कारण हीच गोष्ट एकेकाळी उर्वरित महाराष्ट्रालाही ठाऊक होती. मराठेशाहीतील न्यायपद्धतीवर वि. त्रि. गुणे यांचा १९५३ चा ग्रंथ प्रसिद्ध आहे; इतिहासाच्या मंडळींना तो परिचित असतोच, आपल्या विद्यार्थ्यांनीही तो चाळावा. गोतसभेत पाटील-कुलकर्णी बसत तसेच बलुतेदारही बसत, आणि महजरावर ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या व्यवसायाची निशाणी काढी. नांगराची निशाणी तर सर्वपरिचित आहे. अर्थात ती समतेची सभा होती असे म्हणण्याचा भाबडेपणा कोणी करू नये. पण दोन गोष्टी तिथे होत्या. वादी किंवा प्रतिवादी यांना आपल्या गावच्या गोताचा भरवसा वाटत नसेल तर ‘थळ’ मागता येई, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे वाद नेता येई. आणि वाद ऐकायला सुरुवात होण्यापूर्वी दोन्ही पक्ष ‘राजीनामा’ लिहून देत.

हा शब्द आज आपण पद सोडण्यासाठी वापरतो. हिंदीत मात्र त्याचा जुना अर्थ अजून जिवंत आहे. राजी असल्याचा नामा, म्हणजे या पंचांचा निवाडा मला मान्य असेल, अशी लेखी संमती. वाद कोणापुढे चालावा याला पक्षकाराची राजी असणे, हा त्या निवाड्याचा पाया होता. हरणाऱ्याने पुढे येजितखत लिहून द्यायचे ते याच संमतीच्या बळावर. जिंकणाऱ्याने हरकी आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी सरकारात भरायची, हा भाग वेगळा. सरकारने कधीच काही फुकट केलेले नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात या पंचायतींचे दोष सविस्तर सांगितले आहेत: दिरंगाई, ढिलाई, पंचांच्या हाती निश्चित अधिकार नसणे. पण त्याचबरोबर, हे पंच लोकांतूनच आलेले असल्यामुळे लोकांना न समजणाऱ्या तत्त्वावर ते निर्णय देऊच शकत नाहीत, हा त्यांचा मोठा गुणही तो नोंदवतो. एका परक्या राज्यकर्त्याला जे दिसले ते आपल्या शासननिर्णयांना दिसू नये?

साहित्याच्या वर्गात या विषयावरची एक कथा आपण नेहमीच शिकवतो किंवा निदान तिचा उल्लेख करतो: प्रेमचंदांची १९१६ मधली ‘पंच परमेश्वर’. तिचे वाचन बहुधा एकाच अंगाने होते. पंचाच्या आसनावर बसले की माणसात परमेश्वर येतो, हे तिचे तात्पर्य म्हणून विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात आणि आपण गुण देतो. पण कथेची बांधणी नीट पाहावी. पहिल्या वादात जुम्मनची म्हातारी मावशी पंच म्हणून नाव घेते ते जुम्मनच्याच जिवलग मित्राचे, अलगू चौधरीचे. दुसऱ्या वादात समझू साहू नाव घेतो ते अलगूवर राग धरून असलेल्या जुम्मनचे. दोन्ही वेळा पंच निवडला आहे तो भांडणातल्या एका पक्षाने, भर पंचायतीत, दुसऱ्याच्या संमतीने. कोणी समिती नेमलेली नव्हती, कोणाचा गुलाल उधळलेला नव्हता. मावशीने अलगूचे नाव घेतले तेव्हा तिने त्याच्यावर भरवसा टाकला, आणि त्या भरवशाचे ओझे अलगूला पेलावे लागले. परमेश्वर येतो तो आसनातून येत नाही. नाव घेणाऱ्याच्या तोंडून येतो. माझे हे वाचन काही समीक्षकांना ओढूनताणून केलेले वाटेल, पण निवडीची ही दोन दृश्ये काढून टाकली तर कथेत उरते काय, हे त्यांनी सांगावे.

तर बिनविरोध आणि सहमती या दोन शब्दांत आपण गल्लत करतो, असे मला म्हणायचे आहे. बिनविरोध म्हणजे विरोध करणाऱ्याने माघार घेतली, किंवा तो सभेला आलाच नाही, किंवा आदल्या रात्री त्याला कोणी तरी भेटून आले. सहमती म्हणजे विरोध बोलून दाखवला गेला आणि तो संपेपर्यंत सभा थांबली. याच जिल्ह्यातले धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे पाचशेच्या आसपास वस्तीचे गोंड गाव याचे सर्वपरिचित उदाहरण. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे या गावाचे नाव देशभर पोहोचले. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होते. तिथला नियम असा की निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेपर्यंत थांबतो. त्यासाठी गावाने अभ्यासमंडळ चालवले. वेळ जातो. पुष्कळ वेळ जातो. पण ज्याला वेळ नाही त्याने पंच नेमू नये, हे बरे.

सूरजागडच्या परिसरातही याचा प्रत्यय आलेला आहे. २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत एटापल्ली-भामरागड भागातील ग्रामसभांनी चर्चा करून आपले उमेदवार ठरवले, आणि लालसू नोगोटी व सैनू गोटा हे निवडून आले. निवडणूक ही अर्थातच बिनविरोध नव्हती. पण उमेदवार ठरण्याची रीत आपल्या राजकीय पक्षांहून निराळी होती.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. परंपरेच्या नावाने चालणाऱ्या सभेत बायकांचे काय? म्हाताऱ्यांच्या पुढे तरुणाचे काय? जातपंचायतींनी महाराष्ट्रात काय केले हे आपण विसरलेलो नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा उगाच करावा लागला नाही. जन्माने पंच झालेली माणसे, त्यांना बदलण्याची सोय नाही आणि त्यांच्यापुढून उठून जाण्याची मुभा नाही, म्हणजे राजीनामा नाही आणि थळही नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला तंटे सोडवण्याची आपली रूढ पद्धत जपण्याचा अधिकार दिला, तो स्वागतार्हच आहे. पण रूढ पद्धत म्हणजे रूढ माणसे नव्हेत. वनहक्क कायद्याखालील वनहक्क समितीसाठी २००८ च्या नियमांनी दहा ते पंधरा सदस्य आणि त्यात किमान एक-तृतीयांश स्त्रिया असे बंधन घातले. ते बाहेरून आलेले बंधन होते आणि योग्य होते. ज्या गोष्टी गाव आपणहून करणार नाही, त्यांपुरते बाहेरचे बोट धरायला हरकत नसावी.

आणि तंटामुक्त समित्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वृत्तपत्रांत आणखी एक बातमी वारंवार येते: प्रेमीयुगुलाचा विवाह तंटामुक्त समितीने लावून दिला. घरच्यांचा विरोध असतो, कधी जात वेगळी असते. मुलगा-मुलगी समितीकडे अर्ज करतात, समिती वयाचे दाखले पाहते, दोन्ही घरांना बोलावते, आणि ग्रामपंचायतीच्या पटांगणात चार हारांत लग्न लागते. आपल्या सुशिक्षित शहरांत जे धाडस होत नाही ते इथे एक बिनपगारी समिती करते. का करू शकते? कारण इथे पक्षकार स्वतः होऊन समितीकडे आलेले असतात. त्यांनी तिला निवडलेले असते. समितीच्या सगळ्या कामात हेच काम सर्वांत यशस्वी ठरावे, हा मला योगायोग वाटत नाही.

स्वयंसेवकांच्या समुदायाने आपले पंच निवडण्याचा एक अगदी वेगळा आणि अलीकडचा प्रयोगही आठवतो. इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांतील भांडणांसाठी २००४ पासून लवाद समिती आहे. पहिले सदस्य संस्थापक जिमी वेल्स यांनी नेमले. पुढे ते मतदानाने निवडले जाऊ लागले. उमेदवाराला मतदानाआधी कोणीही जाहीर प्रश्न विचारू शकतो, आणि ज्या वादात सदस्याचा पूर्वी संबंध आला असेल त्यातून त्याने बाजूला व्हावे अशी अपेक्षा असते. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही समिती वागणुकीचा निवाडा करते, लेखात काय असावे याचा करत नाही; तो निर्णय संपादकांच्या चर्चेतूनच व्हायचा. आपल्या अधिकाराची सीमा ओळखणारी समिती ही दुर्मिळ वस्तू आहे.

आपल्या महाविद्यालयांतून ती फारशी आढळत नाही, हे या लेखाच्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. तक्रार निवारणाच्या समित्या आपल्याकडे नॅकची भेट जवळ आली की जन्म घेतात, ज्येष्ठतेच्या यादीवरून नावे पडतात, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार होण्याचा संभव अधिक तेच पुष्कळदा समितीत असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार लैंगिक छळाची तक्रार विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीवर निवडून आलेले विद्यार्थी असले पाहिजेत. किती ठिकाणी ते खरोखर निवडले जातात, हे ज्याने त्याने आपापल्या सूचनाफलकाकडे पाहून ठरवावे. तेव्हा एटापल्लीच्या गावकऱ्यांना उपदेश करण्याचा आपल्याला अधिकार बेताचाच आहे. असो.

तरीही मत द्यायचेच तर ते असे. पंधरा ऑगस्टच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेने अध्यक्ष निवडूच नये. प्रत्येक टोल्यातून, स्त्रिया आणि पुरुष निम्मे निम्मे, अशी वीस-तीस नावांची यादी करावी. त्यांतल्या प्रत्येक नावावर हरकत विचारावी आणि हरकतीसाठी सभेने थांबावे. तंटा आला की दोन्ही पक्षांनी त्या यादीतून आपापली नावे घ्यावीत, हवे तर शेजारच्या गावच्या यादीतूनही. ज्याची भाषा माडिया आहे त्याचे म्हणणे माडियात ऐकले जावे, आणि मराठीत लिहिलेली नोंद त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्यावाचून त्याचा अंगठा घेऊ नये. मराठीच्या प्राध्यापकाने हे म्हणणे थोडे चमत्कारिक वाटेल, पण ज्याच्या हाती नोंदवही तोच पंच होऊन बसतो हे आपणच जाणले पाहिजे. बक्षिसाची रक्कम मिटलेल्या तंट्यांच्या संख्येशी जोडू नये. आणि जिथे गाव एका बाजूला व खाण किंवा सरकार दुसऱ्या बाजूला आहे, तिथे या समितीने त्या वादाला हात लावू नये. तो तंटा नव्हे. तो ग्रामसभेचा विषय आहे, आणि तिथे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत समेट घडवून मूळ प्रश्न मिटवला असे दाखवणे ही गावाची फसवणूक होईल.

पक्षकारांनी सुरुवातीला लिहून द्यायच्या संमतीपत्राला मात्र जुने नाव देता येणार नाही. आज कोणी राजीनामा लिहून दिला असे कळले, तर गाव आधी विचारील, आता पुढचा अध्यक्ष कोण?